भाराभर विषय

...आणि वर मलाच विचारतात, "तू कुणाच्या बाजूने?" आता मी कुणाच्या बाजूने असणार? मी दुधाच्या बाजूने! बापलेक वाद घालत बसतात आणि इकडे माझं दूध उतू जातं.

तुम्हाला सांगते, आमचे हे शिंपी. म्हणजे सगळं शिवणारे नव्हेत हं, फक्त पँट. शर्ट शिवतात ते भाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ. एकच दुकान, एकच पाटी, मध्ये कापायचं टेबल, आणि गिऱ्हाईक आलं की कंबरेखाली हे आणि कंबरेच्या वर भाऊजी. जन्मात ह्यांनी कधी कॉलरला हात लावला नाही आणि भाऊजींनी कधी कमरपट्टीला. अशा घरात जन्माला आली आमची मुलगी. तिला आम्ही खारू म्हणतो, खारूताईचं खारू, कारण ही एका फांदीवर टिकेल तर शपथ. चित्र अर्धं टाकून गणितं सोडवणार, गणितं टाकून शेजारच्या मांजराचं चरित्र लिहायला घेणार... आणि मार्क? सगळ्यात सारखेच बरे! एखाद्या विषयात नीट नापास झाली असती, तर ठरवायला तरी सोपं गेलं असतं की नाही?

तर कॉलेजच्या आधीची शेवटची दोन वर्षं आली, आणि शाळेत निघाल्या दोन वाटा. एक वाट म्हणजे तीनच विषय घ्यायचे आणि तेच खोल खणत बसायचं. दुसरी म्हणजे सगळंच घ्यायचं... आपली भाषा, परकी भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, एखादी कला, शिवाय एक लांबलचक निबंध, शिवाय लोकांची सेवा. ह्यांनी तीन विषय मनात कधीच बेतून ठेवले होते. आणि खारू जेवता जेवता म्हणाली, मी सगळंच घेणार.

ह्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." आता शिंपीच असं म्हणाल्यावर पुढे काय बोलणार? चिंध्या म्हणजे काय हे ह्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक? मग रोज तेच. जेवताना चिंध्या, झोपताना चिंध्या, दात घासताना तोंडात फेस असला तरी चिंध्या!

शेवटी शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बसायला मुलांचीच बाकं, हे त्यात असे अडकले की उठायची सोय नाही. बाई शांतपणे सांगत होत्या, सोळाव्या वर्षी काय ठरवायची घाई आहे, थोडं सगळं बघू दे तिला. हे म्हणाले, मी तर बाराव्या वर्षी ठरवलं होतं. बाईंनी विचारलं, "तुम्ही ठरवलं होतं?"

इतकंच विचारलं हो! हे बाकाची कड चाचपायला लागले. मग खाली बघत म्हणाले, "मामांच्या दुकानात एकच मशीन रिकामं होतं. पँटचं."

घरी आलो. दारात चपला काढताना खारूला म्हणाले, घे बाई सगळं. तिने ह्यांच्या गळ्यात हात टाकले, आणि हे सवयीने तिच्या बाहीची उसवलेली शिवण बघत राहिले... मला जरा भरून आलं, खोटं कशाला सांगू? पण ते तेवढ्यापुरतंच. कारण पुढची दोन वर्षं मी काय काय भोगलंय!

नाटकात हिला राजाचं काम. तेही मरणाऱ्या राजाचं. ही बोळात मरून पडायची आणि मी कपड्यांची बादली घेऊन तिला ओलांडायची. परक्या भाषेत मला मीठ मागायची, मी साखर द्यायची. लोकसेवा म्हणून खालच्या आजोबांना रस्ता ओलांडून द्यायची, त्यांना पलीकडे जायचं असो वा नसो. मी ह्यांना म्हटलं, बघा तुमच्या चिंध्या! तर हे म्हणाले, जरा थांब, क्रांती चाललीय.

हो ना! हे तिची इतिहासाची पुस्तकं दुकानात नेऊन वाचायला लागले होते. राजाचं डोकं उडालं त्या पानावर ह्यांची कात्री घसरली आणि एका गिऱ्हाइकाचा डावा पाय आखूड झाला. म्हणजे पँटचा. आणि एके दिवशी हे चक्क शर्ट कापायला बसले.

भाऊजींचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांच्या ताटात हात घातलाय. म्हणाले, "दादा, तो माझा प्रांत आहे." हे म्हणाले, माणसाने थोडं सगळं बघावं.  भाऊजींनी सरळ पँटचं कापड ओढून घेतलं. मग काय विचारता! ह्यांच्या शर्टात मान जाईना, भाऊजींच्या पँटीत बसता येईना, आणि दुकानाबाहेर एक माणूस उभा राहिलेला, त्याने दोन्ही घातलेलं... बिचारा ना वर बघू शकत होता, ना खाली बसू शकत होता.

एवढं सगळं होऊन खारू पास झाली, चांगली झाली. आम्ही चौघं बसलो. हे खूश होऊन म्हणाले, आता कॉलेजातही भरपूर विषय घे, थोडं संगीत घे, थोडं खगोल घे.

ती म्हणाली, "बाबा, मी बुरशी घेणार."

"आणि?"

"फक्त बुरशी. त्यातही ओल्या लाकडावरचीच."

तुम्हाला सांगते, तेव्हाचा ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. म्हणाले, अगं, एवढं एकच धरून बसतात का, तुझं वय काय? भाऊजी हळूच म्हणाले, चिंध्यांचं धड झालं की, दादा. हे ऐकतील तर ना! कॉलेजला सोडायला गेले, तर स्टेशनपर्यंत तिला समजावत होते, निदान झाडं तरी बघ, निदान शेवाळ तरी!

गेली ती. आता तिकडे बुरशीत सुखात आहे. मीच परवा वेड्यासारखं फोनवर बोलून गेले, आपल्या न्हाणीघराच्या दाराला खालून काहीतरी पांढरं पांढरं आलंय. अशी आनंदली पोर... म्हणाली, आई, पुसू नकोस, पाणी लावू नकोस, दार हलवू नकोस, मी सुट्टीत येते.

तेव्हापासून आम्ही आंघोळीला शेजारी जातो.