शोकसंदेश लिहिणारी मुलगी

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं. तेव्हापासून तो दवाखान्याच्या बाकावर फोन हातात धरून बसला होता. परदेशातल्या लेकीला कळवायचं होतं, पण सुरुवात कशी करावी तेच सुचत नव्हतं. शेजारी एक मुलगी आणि तिचा मामा एक्स-रेसाठी थांबले होते.

“एवढ्या मोठ्या शहरात जाऊन आंतरराष्ट्रीय संबंध शिकतेस. मग त्या परराष्ट्र खात्यात इंटर्नशिपला करतेस काय? चहा?”

“शोकसंदेश लिहिते, मामा. दुसऱ्या देशात कुणी मोठं माणूस गेलं की पाठवायचे.”

“तुझी कुठे ओळख असते त्यांची?”

“म्हणून तर पटापट होतात. शेजारचा देश असला की ‘तीव्र दुःख’, लांबचा असला की नुसतं ‘दुःख’.”

“आणि ज्याच्याशी भांडण आहे तो?”

“‘वृत्त समजले.’ एकदा चुकून त्यांना ‘तीव्र’ गेलं, तर खुलासा मागायला त्यांचा माणूस आला.”

“धन्य आहे! आणि अगदी घरच्यासारखा असला तर?”

“तिथे लिहायचं नसतं. साहेब स्वतः फोन करतात.”

फोन धरून बसलेल्या त्याने मुलीकडे मान वळवली.

“काय बोलतात गं?”

“काय माहीत! दार लावून घेतात.”

एवढ्यात मामाचा नंबर पुकारला आणि दोघं आत गेली.

लेकीला फोन करायचा अजून राहिलाच होता.