हाक आली की जाईन

अहो नाही, चारही बाजूंनी नका लावू ती ताडपत्री — वारा लागू नये म्हणून शेगडीचा जीवच घेताय तुम्ही. वाऱ्याकडची बाजू झाका, फार तर कडेच्या दोन. समोर मोकळं, वरून मोकळं, आणि गॅसची टाकी आडोशाच्या बाहेर, नळी पुरते की. टाकी तापली तर जेवण राहील बाजूला. द्या इकडे ते टोक, मी बांधतो. छे, शहाणा कसला, दादा — शेगडीच्या झाकणाच्या आत चित्रच काढलंय. तंबू, तंबूत शेगडी, वर लाल फुली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. आमच्या बाबांना वाचता येतं, तोच तर घोटाळा आहे.

तो निळा तंबू आमचा. आत बाबा आणि काका. शेगडीही आतच. बाहेर सारखी विझायला लागली, तर बाबा म्हणाले, उचल, आत घे. बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत — हसू नका — डोक्यावर टोपी नसली तर कामगाराचा खाडा मांडतात. मी म्हटलं, तंबूत नको, बंद जागेत विषारी वायू साचतो, वास नाही, रंग नाही, कळतसुद्धा नाही. तर काका म्हणतात, “ऐका, कॉलेज अर्धवट सोडलेले प्राध्यापक बोलतायत.” आणि हसले. काकांचं हसणं म्हणजे पत्र्यावर दगड. मी परत म्हटलं. आमच्याकडे परत म्हणायचं नसतं. उलट बोललं की ताटावरून उठायचं, बाहेर जायचं, आणि हाक येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. मी लहान असल्यापासूनचा नेम आहे. घराबाहेर जिन्यात जेवढा बसलोय तेवढा वर्गात बसलो असतो तर आज पदवीधर असतो. आई? आई यांच्याबरोबर कुठेच येत नाही. शहाणी आहे.

हाक येते, नाही असं नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की बाबांचा राग उतरतो — “ये रे, गिळ.” आज जरा उशीर होतोय. होऊ दे. मी उठलो तेव्हा म्हणाले, “चेन लाव, वारा येतोय.” लावली. पार खालपर्यंत. खाली फट राहत होती, तिथे दगड रचले ओळीने — मघाशी विचारलंत ना, कसले दगड वाहतोयस — तेच ते. वारा नको ना, घ्या. सांगितलं तेच केलं मी. जरा नीट केलं, इतकंच.

असं बघू नका. डोकं जड होईल, गरगरेल, मग येतील की बाहेर. चेन उघडून एकदा म्हणावं, तुझं बरोबर होतं. जन्मात एकदा. झोप लागली तर? जेवल्यावर येतेच झोप — काकांना तर घास तोंडात असताना येते.

हसणं थांबलंय, ना? मलाही तसंच वाटलं. वाऱ्यात ऐकू येत नसेल. वारा... हो, पडलाय खरा.

नाही, मी नाही जाणार. न बोलावता गेलो की संपलं, पुन्हा आयुष्यभर जिना. आणि धाकटी बहीण बाहेर आहे, तेवढं बघितलंय मी — आमची चिमी हो, तुमच्या मुलीबरोबर ओढ्यावर खडे वेचतेय. ती आत असती तर असा बसलो असतो का तुमच्याशी गप्पा मारत? मी काय राक्षस आहे?

ही बघा, तुमची आलीच. काय गं, चिमी कुठंय? — काय? — कधी? मी ही दोरी बांधत होतो तेव्हा? — गार वाजत होतं म्हणून... आणि दगड? — सरकवले. आत गेली. आणि फटीतून हात काढून परत लावले. चेनसुद्धा लावून घेतली, बाबा रागावतात म्हणून. — हो, ती ऐकते त्यांचं. आमच्यात ती एकटीच ऐकते —

चिमे!

चिमे, ओ दे!

सुरी आहे ना तुमच्याकडे? ती चेन खाली अडकते, सुरी द्या — अहो ताडपत्री सोडा, उडू दे ती — हाक गेली खड्ड्यात, सुरी —