मोरीतला साबुदाणा

वासावरून झालेलं माझं एक भांडण ऐकाच. धुळ्याला आम्ही खाली भाड्याने राहायचो, वर घरमालक नाना. आमची मोरी तुंबून गुडगुडायला लागली, घरभर घाण वास. नाना नाक दाबतच आले.

"हाऊ बठ्ठा तुमना बोंबीलना वास शे! बंद करा ते!"

"नाना, बोंबील गुडगुडत नाहीत. तुमचा पाइप तुंबलाय."

"मंग घर सोडा!"

पुढच्या एकादशीला वर भांडी घासायला घेतली आणि आमच्या मोरीतून साबुदाणा वर आला. मी नानांना बोलावून दाखवला.

"आमच्यात कुणी उपास धरत नाही, नाना. हा कुणाचा?"

नाना जिन्याकडे सटकायला लागले. मी मागून ऐकवलं,

"घर मी सोडत नाही. पाइप तुम्ही साफ करा. आणि बोंबील तर आजच भाजणार, खिडक्या सताड उघड्या ठेवून!"