देवाची उजवी बाजू

सोमवारी दिवेलागणीपर्यंत सुशीलाताईंचं मौन असे. पेडण्याच्या स्टँडवर त्या तुयेच्या बसची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर नवरा-बायको बसले होते आणि दोघांच्या मांडीवर एक आडवी नवी फळी.

"देवानंच फसवलं गो मला."

सुशीलाताईंची जपमाळ थांबली.

"असं बोलू नये," बायको म्हणाली.

"मग काय बोलू? फळी भिंतीच्या उजवीकडे ठोकू की डावीकडे, म्हणून देवाला कौल लावला, मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवून. पाकळी उजवी पडली. उजवीकडे ठोकली, तर तुझ्या आईच्या तांब्याच्या कळश्यांसकट गिलावा खाली. मागे मातीनं बुजवलेली जुनी खिडकी. आता चवथीला कळश्या ठेवायच्या कुठे? मी त्या देवळाची पायरी चढणार नाही."

"कुणाच्या उजवीकडे ठोकलीत?"

"माझ्या. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, हा उजवा हात."

"आणि पाकळी कुणाच्या उजवीकडची पडली?"

"देवाच्या."

"देव भिंतीकडे तोंड करून बसतो?"

नवऱ्यानं आधी उजवा हात उचलून बघितला, मग डावा.

"काल लाटण्यानं दुसरी बाजू ठोकून बघितली मी. कुठेच पोकळ वाजत नाही, आत सगळा चिरा आहे. हे पिशवीतले लांब स्क्रू गिलावा ओलांडून थेट चिऱ्यात घाला."

"आणि ती पायरी?"

"ती आधी चढा. नारळ घेऊन."

"बरं. बस आली बघ. उजवीकडची सीट धर, तिथे ऊन नाही."

"कुणाच्या उजवीकडची?"

सुशीलाताईंनी घाईघाईनं पदर तोंडावर धरला. हसण्यानं मौन मोडतं का, हे आता देवालाच विचारावं लागणार होतं.