सगळ्यात वेगवान मुलगी मागच्या फळीत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या माजी मुख्याध्यापिका आदरणीय मंदाताई, व्यासपीठावर विराजमान असलेले फादर, मुंबईहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, आमच्या क्लबचे कार्यवाह मर्विन, सत्कारमूर्ती आलोशियस सर, सत्कारमूर्तींना घरी सांभाळणाऱ्या सँड्राबाई, आणि उशिरा येऊनही पुढच्या रांगा मिळवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

आरंभीच एक गंभीर निषेध नोंदवणं मी माझं कर्तव्य समजतो. दारात प्रत्येकाच्या हाती अल्पोपाहाराचा जो खोका दिला गेला, त्यात केळ्याचे वेफर्स आहेत. निरोपाच्या प्रसंगी वेफर्स? मघाशी फादर ‘आलोशियस यांच्या जाण्याने’ एवढंच म्हणाले आणि क्षणभर थांबले. त्या थांबण्यात केवढा करुण रस होता. नेमकी तेव्हाच तिसऱ्या रांगेत कुणीतरी पुडी फोडली. अहो, आपण वसईचे. आमच्या आगाशीकडे सुकेळी होतात. उन्हात वाळवलेलं ते केळं खाताना आवाज होत नाही, आणि दातांना असं चिकटतं की शेजाऱ्याशी बोलायची सोयच उरत नाही. सभेसाठी याहून सात्त्विक खाद्य मला ठाऊक नाही. हे मी मर्विनना रीतसर सांगितलं. ते म्हणाले, “पत्रकार, तुमचं भाषण आहे ना? मग लोकांना जागं ठेवायला काहीतरी कुरकुरीत लागणारच.” निषेध मी मागे घेतलेला नाही. फक्त आवाज खाली आणला आहे.

आता मूळ विषय. सरांच्या फुटबॉलमधल्या योगदानावर बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. माझी पात्रता काय? मी एका दैनिकाचा वसईचा वार्ताहर. पाणीकपात, रस्त्यातले खड्डे, नाट्यप्रयोग आणि फुटबॉल, चारही खाती माझ्याकडेच. शिक्षण संस्कृतात झालं. मला फुटबॉल कळत नाही, हे सर माझ्या बातम्या वाचून दर सोमवारी चारचौघांत सांगत आले आहेत. तरीही मी उभा राहिलो, कारण माझी मुलगी क्षितिजा या क्लबात खेळते आणि माझ्या घरातल्या सध्याच्या पेचाचं मूळ इथे हार घालून बसलं आहे.

पेच असा. क्षितिजा तालुक्यातली बहुधा सगळ्यात वेगवान मुलगी. सरांनी तिला कायम मागच्या फळीत, बचावात खेळवलं. आता एका मोठ्या अकादमीचं तिला बोलावणं आलं आहे, पण पुढे खेळायला. कडेने पळायचं, बस. तिने जावं का? ज्यांना विचारायचं ते सर येत्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाला मुलाकडे कायमचे निघाले आहेत. शिष्टाचार म्हणून मी याला निरोप म्हणतो. घरी वेगळा शब्द वापरतो.

सर प्रशिक्षक होण्यापूर्वी आमच्या क्लबात खेळाडू कसे निवडले जात, हे पाहुण्यांना ठाऊक नसेल. मैदानाच्या एका टोकाला रस्त्यावरचा क्रूस, दुसऱ्या टोकाला बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पाहुण्यांनी घाबरू नये. निवडीच्या दिवशी सगळ्यांना क्रूसापाशी उभं करायचं, मर्विननी शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी बावखलापर्यंत पळत सुटायचं. जे पहिले पोचले ते पुढच्या फळीत. मधले मध्यफळीत. शेवटचे बचावात. आणि जो निम्म्यातून चालायला लागला तो गोलरक्षक. अशी ही आमची चातुर्वर्ण्यव्यवस्था. वर्षानुवर्षं चालली आणि कुणाला शंका आली नाही.

यात दोन अडचणी होत्या. एक तर मैदानाला बावखलाकडे उतार आहे, आणि निवड संध्याकाळी, म्हणजे दर्यावरचा वारा पाठीवर. त्यामुळे आमच्याकडे सगळेच वेगवान ठरायचे आणि सपाट मैदानावर गेलो की सगळेच एकदम म्हातारे व्हायचे. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. ज्याला काठावर थांबायचं भान असे तो आधीच पाय आवरता घ्यायचा, साहजिकच मागे पडायचा. ज्याला ते नसे तो सरळ पाण्यात. पाण्यात पडणारा पहिला आला असं धरलं जाई. थोडक्यात, आमची आक्रमक फळी म्हणजे तालुक्यातले ज्यांना थांबता येत नाही असे निवडक तरुण. ते ऑफसाइड का होतात, यावर मी एकदा चिंतनपर लेखही लिहिला होता. तो छापून आला नाही.

वेगवान तो चांगला खेळाडू, हे आमचं खेळाडूचं लक्षण. न्यायशास्त्रात अशा लक्षणाला अतिव्याप्तीचा दोष लागतो, म्हणजे जे बसू नये तेही त्यात बसतं. या हिशोबाने माणिकपूरच्या स्टँडवरची कुठलीही रिक्षा आमच्या संघात आली असती. आणि अव्याप्तीचाही दोष लागतो, कारण बसायला हवेत ते आलोशियस सर बसत नाहीत. सरांना पळताना पाहिलेला मनुष्य मला अजून भेटलेला नाही. ते क्लबकडून मध्यफळीत खेळत तेव्हा, जुने लोक सांगतात, चेंडू त्यांच्याकडे यायचा, ते चेंडूकडे जात नसत. मी सँड्राबाईंकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, “लग्नाच्या दिवशी देवळात नवरीने वाट बघितलेली ऐकलीये कधी? मी बघितली. हा चालत येत होता. मी म्हटलं, पळ ना जरा. तर मला म्हणतो, लग्नाची मिस्सा माझ्याशिवाय सुरू होतेय काय?”

तर अशा या गृहस्थांकडे क्लबने मुलींचा संघ सोपवला. पहिल्या निवडीला मी वार्ताहर म्हणून कमी आणि बाप म्हणून जास्त हजर होतो. शिट्टी झाली. क्षितिजा अशी सुटली की माझ्या शेजारी उभी असलेली आमची सीमा, म्हणजे क्षितिजाची आई, म्हणाली, “अहो, ही घरी दूध आणायला का अशी जात नाही?” क्षितिजा सगळ्यांच्या किती तरी पुढे होती. आणि बावखलाच्या अलीकडे ती थांबली. नुसती थांबली नाही, मागे वळली आणि पाठून वेगात येणाऱ्या मुलीचा टी-शर्ट पकडून तिला काठावर रोखून धरलं. तेवढ्यात आणखी दोघी बाजूने पाण्यात गेल्या, म्हणजे नियमाप्रमाणे पहिल्या आल्या. मर्विन ओरडले, “अगं थांबलीस काय? जिंकली होतीस ना.”

आलोशियस सर खुर्चीतून उठले. ही मी त्यांची पाहिलेली सर्वांत वेगवान हालचाल. म्हणाले, “हिला मागे ठेवा.”

मागे? माझ्या मुलीला? त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माझा युक्तिवाद तयार होता. घोडा गाडीच्या पुढे जुंपतात, असं मी म्हणालो. सर ओट्यावर बसून लाल भाजी निवडत होते. म्हणाले, “पत्रकार, घोडा पुढे जुंपतात कारण मागे गाडी आहे. माझ्याकडे गाडी नाय. माझ्याकडे अकरा पोरी आहेत.”

मी म्हटलं, “पण वेग वाया जातोय.”

“पुढे एक पोरगी वेगवान असली तर काय होतं? सगळ्या तिच्याकडे लांब बॉल मारतात आणि बघत बसतात. मागे एक वेगवान असली तर बाकीच्या बिनधास्त पुढे जातात. त्यांना माहीत असतं, आपलं चुकलं तरी ही पोचेल. आता सांगा, कोणाचा वेग कामाला आला?”

माझा घोडा तिथेच बसला. संस्कृतात याला पूर्वपक्ष कोसळणं म्हणतात.

“आणि दुसरं,” ते देठ बाजूला टाकत म्हणाले, “ज्याला पाय आहेत त्याला वाटतं डोक्याची गरज नाय. पुढे ठेवली तर ती वर्षभर नुसती पळेल आणि जिंकेल. मग एक दिवस तिच्याएवढीच पळणारी कोणीतरी समोर येईल, आणि हिच्याकडे दुसरं काय नसेल. मागे राहिली तर बघायला शिकेल. कधी निघायचं ते शिकेल. मी आयुष्यभर कसा खेळलो? मी हळू होतो, पण लवकर निघायचो.” यापुढे ते घरच्या बोलीत जे माझ्याविषयी म्हणाले, ते फादरांच्या उपस्थितीत सांगता येणार नाही.

याचं फळ मी गेल्या हंगामात पाहिलं. तालुक्याचा अंतिम सामना, समोर चांदीपचा संघ. त्यांची रिद्धी म्हणजे भातशेतीच्या बांधावर पळून तयार झालेली मुलगी, सपाट जमीन मिळाली की तिला चेव येतो. एकदा ती चेंडू घेऊन सुटली आणि आमची सगळी फळी मागे पडली. फक्त क्षितिजा तिच्या शेजारी पोचली. पोचली, पण चेंडूला पाय लावेना. नुसती सोबत पळतेय, आणि हळूहळू तिला कडेच्या रेघेकडे नेतेय. रिद्धीचा धीर सुटला. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, “घे ना बॉल, घ्यायचा तर घे. नुसती संगती काय येते? बाजारात चाललोय काय आपन?”

रिद्धीने गोल कुठे राहिला म्हणून मान वर केली, तेवढ्यात क्षितिजाने अलगद पाय घातला आणि चेंडू घेऊन उलट निघाली. मागून रिद्धी म्हणाली, “अगं पानी तरी पिऊ दे मध्ये.” सामन्यानंतर दोघी एकाच बाटलीतून ते प्याल्या. मी बातमीत लिहिलं, ‘क्षितिजाच्या वेगापुढे चांदीप निष्प्रभ.’ सोमवारी सरांचा फोन. “तुम्ही मॅच बघितली, की बाहेर भजी खात होता? ती त्या वेळी निम्म्या स्पीडने पळत होती.”

मग अकादमीचे लोक आले. मैदानावर त्यांनी यंत्रं मांडली, मुलींना बंडीसारखं काहीतरी घातलं, आणि पडद्यावर आकडे उमटले. क्षितिजाचा आकडा पाहून त्यांच्यातला एक तरुण दुसऱ्याला म्हणाला, “ये लडकी डिफेन्स में क्या कर रही है?” आमच्या मर्विननी छाती फुगवून सांगितलं, “हमारा सिस्टम है.” मी त्या तरुणाला दोष देत नाही. यंत्र जे मोजता येतं तेच मोजतं, आणि ते चोख मोजतं. कधी निघायचं नाही हे तिला कळतं, ते कुठल्या आकड्यात दाखवणार? मोठ्या संघांना वेगाची भूक असते, आणि ती खोटी नाही, हे सरही मान्य करतात. वेग शिकवता येत नाही. बाकीचं शिकवता येतं, असं त्या लोकांचं म्हणणं. बाकीचं शिकवायला तिथे कुणाला सवड असते का, असं सरांचं.

मग मी पुन्हा त्याच ओट्यावर गेलो. आत सँड्राबाई बॅगा भरत होत्या. मी म्हटलं, “सर, पाठवू का?”

“तुम्ही पाठवणारे कोण? तिला विचारलं?”

“विचारलं. ती म्हणते, बाबा, मला जायचंय, पण ते म्हणतात फक्त पळ.”

“मग पळू दे ना. पुढे ठेवली म्हणून डोकं काय मागे राहतं? बघायला शिकलीये ती. पुढून पण बघेल.” आतल्या बॅगांकडे बघत म्हणाले, “एक वर्ष त्यांना पाय दिसतील. मग कोणाला तरी बाकीचं दिसेल. मला दिसलं, ते काय मी हुशार म्हणून? मी हळू म्हणून. मला बघायला वेळ होता.”

आमच्या घरात निर्णय झाला आहे. क्षितिजा जाते आहे. ती मागे दरवाजापाशी उभी आहे, बसायला जागा असूनही. हे सरांचं आणखी एक योगदान.

मंदाताई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत आहेत ती मी सातवीपासून ओळखतो, तेव्हा आवरतं घेतो. क्लबने मला बोलायची संधी दिली, सँड्राबाईंनी इतकी वर्षं आपला माणूस आम्हाला रोज संध्याकाळी वापरायला दिला, फादरांनी मैदान दिलं, आणि तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं, निदान ऐकत असल्यासारखं दाखवलं, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, विशेषतः मर्विनचा, तर ते माझ्या जिभेचं काम आहे, मनाचं नाही, असं समजून सांभाळून घ्यावं.

सर, एक गोष्ट तुम्हाला ओट्यावर सांगता आली नाही, ती सांगून बसतो. गेल्या पावसाआधी क्षितिजाच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला, तेव्हा तो सामना चालू असतानाच तुम्ही तिला बाहेर बोलावलं. ती काही बोलली नव्हती. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होतो, मला वाटत होतं ती छान पळते आहे. तुम्ही तिला पूर्ण पावसाळा बसवून ठेवलं, ती तुमच्यावर चिडली, मीही चिडलो. आता ती जिथे जाते आहे तिथे तिला पळण्यासाठीच घेतलं आहे. पाय दुखला तर ती सांगणार नाही, कारण सांगितलं तर तिच्याकडे दुसरं काय आहे असं त्यांना वाटेल. आणि मी तिला पाहायला जाईन तेव्हा मला ते ओळखता येणार नाही. मला त्याची भीती वाटते.