सगळ्या चिठ्ठ्या ‘ए पॉझिटिव्ह’

मंडळी, जरा पुढे सरका! दारात उभं राहून घेतलेलं नाव देवाला ऐकू येतं, पण मला तुम्ही दिसत नाही!

ऐका. चांगला बदल येतोय, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि एक जण म्हणतो, “थांबा, आधी बघू.” हा माणूस विघ्न आणतो, की टाळतो? बोला! — बरं, राहू द्या. गोष्टच सांगतो.

एक धर्मादाय रुग्णालय होतं, तीनशे खाटांचं. केसपेपरपासून रक्तपेढीपर्यंत सारा कारभार एका संगणक प्रणालीवर. ती सांभाळायची वृंदा खळदकर. शांत बाई, पण मनात शंका आली की हिला घास गोड लागायचा नाही!

एक दिवस कंपनीचं पत्र आलं — नवी आवृत्ती तयार आहे, चढवून घ्या. सोबत बदलांची यादी, ऐंशी पानं! कोण वाचतं हो? तुम्ही मोबाईलवर काय करता? “मान्य आहे, मान्य आहे” — दाब बटण! वृंदाने मात्र सगळी वाचली. एकसष्टाव्या पानावर एक ओळ — ‘रक्तगटाच्या नोंदीचा जुना रकाना बंद होत आहे.’

निघाली ही! विभागाविभागात जाऊन विचारायला लागली, “प्रणालीतली रक्तगटाची माहिती तुम्ही कुठे कुठे वापरता?” रक्तपेढीत एक छोटं यंत्र होतं, रक्ताच्या पिशवीवरची चिठ्ठी छापणारं.

“हे कुणी जोडलं?”

“तांबटकाकांनी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.”

“रक्तगट कुठून उचलतं?”

“देव जाणे!”

घ्या! देवाच्या डोक्यावर भार टाकायला आपण कायम तयार!

मग वृंदाने दुसऱ्या संगणकावर प्रणालीची हुबेहूब नक्कल उभी केली. तिच्यावर नवी आवृत्ती चढवली, यंत्र जोडलं, चिठ्ठी काढली — ‘ए पॉझिटिव्ह’. दुसरी — ‘ए पॉझिटिव्ह’. दहावी — ‘ए पॉझिटिव्ह’! जुना रकानाच नाही म्हटल्यावर यंत्र आपलं यादीतला पहिला गट छापत सुटलं! हसताय? हसा. पण ती चिठ्ठी खऱ्या पिशवीवर लागली असती तर?

ती थेट गेली प्रमुखांकडे, डॉक्टर मुरगुड्यांकडे. “नवी आवृत्ती जरा थांबवा,” म्हणाली. ते भडकले. “रविवारी तिच्या उद्घाटनाचा समारंभ आहे! पाहुणे ठरलेत! तुम्ही म्हणजे लग्नाच्या याद्या करतानाच भांडणाची तयारी करणार!”

“सर, तुमचा रक्तगट?”

“बी निगेटिव्ह. का?”

तिने नकलेत त्यांची नोंद केली, चिठ्ठी छापून हातात दिली. ‘डॉ. मुरगुडे — ए पॉझिटिव्ह.’ साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. आवाज एकदम खाली! “किती दिवस हवेत?”

“तीन आठवडे.”

तांबटकाकांना फोन गेला. काका रिक्षाने आले, यंत्रासमोर बसले, आणि हळूच म्हणाले, “चूक माझी, पोरी. जोडलं, पण कुणाला लिहून दिलं नाही.”

“आता सांगा काका. मी लिहून घेते.”

दुरुस्ती झाली. दोनदा रंगीत तालीम झाली. प्रत्येक विभागात कागदी अर्ज ठेवले, आणि जुन्या आवृत्तीवर परतायची वाटही उघडी ठेवली. मग तीन आठवड्यांनी, नव्याने ठरलेल्या रविवारी सकाळी नवी आवृत्ती चढली. सगळं सुरळीत? छे! एक्स-रे विभागाची यादीच गायब! पण आरडाओरडा नाही. कागद काढले, काम सुरू. पाऊण तासात यादी परत.

त्याच दुपारी एक बाळंतीण आली. रक्तस्राव थांबेना. गट एबी निगेटिव्ह. पिशवी आली. परिचारिकेने चिठ्ठी दोनदा वाचली, रक्त जुळवून पाहिलेलं होतं — सगळं बरोबर! आई वाचली. लेकरू तर असं रडलं की मजला हलला! सासूबाईंनी डॉक्टरांना पेढे दिले, परिचारिकांना दिले, लिफ्टवाल्यालाही दिले. वृंदा? ती तळमजल्यावर, कुणाच्या लक्षात नाही. शेवटी मुरगुडे साहेब स्वतः जिना उतरले, हातात पेढा. म्हणाले, “बाई, माझा गट आता तरी बी निगेटिव्ह आहे ना?”

हसलात! आता तुमच्याकडे वळतो. घरात लग्न ठरतं, म्हाताऱ्या आईला शहरात न्यायचं ठरतं — सगळं चांगलंच हो! पण त्यात ज्याची रोजची घडी मोडणार, त्याला विचारलंत? तुमच्याही घरात कुणीतरी ऐंशी पानं वाचून बसलंय, आणि “तुला मेलं सगळ्यात खोटच दिसते” म्हणून तुम्ही त्याला गप्प केलंय. आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा. विचारा — “तुला काय दिसलं?” आणि तो सांगेल ते संपेपर्यंत मध्ये बोलू नका. तेवढं केलंत तर ते भजनच झालं, मंडळी. वाजवा टाळी!