डावीकडची बरणी

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावरचे आमचे विभागप्रमुख सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सूनबाई, म्हणजेच प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुख, आणि चहाच्या आशेने थांबलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांनी आत्ता माझं इतकं कौतुक केलं की क्षणभर वाटलं, मी वारले की काय! एवढ्या गुणी बाईला बढती का दिली नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडायचा. आता नाही पडत.

या वर्षातला हा चौथा निरोप. प्राचार्य विचारतात, माणसं टिकत का नाहीत? साहेब, पूर्वी दुपारच्या चहाला जो तो आपलं अर्धंकच्चं संशोधन घेऊन बसायचा. फसलेले प्रयोगसुद्धा सांगायचो, पोट धरून हसायचो. मग तिथे ऐकलेलं सरांच्या नावावर छापून येऊ लागलं. आता चहाला आम्ही गुडघेदुखीवर बोलतो. त्यावर सरांचा शोधनिबंध अजून आलेला नाही.

सूनबाईंना शेवाळ वाढवायला मीच शिकवलं. माया लावून शिकवलं. पोरगी हुशार, मनानेही चांगली. पण तिला माझ्या डोक्यावर बसवलं, त्या दिवसापासून तिने विचारलं तेवढंच मी सांगत आले. जाताना मागितलं तेवढं दिलं: किल्ल्या, बरण्या, छापील सूचना. शेवाळ आजारी पडलं की ते वासावरून कळतं. ते सूचनांमध्ये नाही.

काल ती आली होती, हो. "मॅडम, काही सांगायचं राहिलंय का?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी दारातूनच हाक मारली, "त्यांना काय विचारतेस? सगळं छापलेलं आहे." ती गेली, मीही पर्स उचलून घरी निघाले. वाईट वाटलं का? छे, मजा वाटली.

आज सकाळी डावीकडच्या मोठ्या बरणीला गोडसर वास येत होता. म्हणजे दुपारच्या आत पाणी बदलायला हवं. सरांचा नवा प्रकल्प आणि सूनबाईंची कायम नेमणूक, दोन्ही त्याच बरणीत आहेत ना?

असो. आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने... सूनबाई, बसा. आता धावून उपयोग नाही, दुपार केव्हाच टळली. आणि सर, तुम्ही तर मुळीच उठू नका. माझा गुच्छ अजून तुमच्याच हातात आहे.